बंदरातले दहा तास

पुण्याच्या माणसाला डेक्कन क्वीनची वेळ तोंडपाठ असते. स्वारगेटला कोणती एसटी कोणत्या फलाटाला लागते हेही तो न चुकता सांगतो. पण बोटीचे वेळापत्रक त्याच्या घराण्यात सहसा कुणी वाचलेले नसते. कोकणातून वर आलेल्या घराण्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या आजोबांनी भाऊच्या धक्क्यावर बोट धरलेली असते आणि हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची नावे त्या घरांत अजूनही परवच्यासारखी म्हटली जातात. परंतु ती झाली आठवण. एरवी पुणेकराचा समुद्र म्हणजे मे महिन्यातली गणपतीपुळ्याची सहल.

गेल्या काही वर्षांत मात्र 'क्रूझ' हा शब्द आमच्या पेठांतल्या जिन्यांवरही ऐकू येऊ लागला आहे. कुणाच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून, कुणाच्या हाती प्रॉव्हिडंट फंड आला म्हणून, कुणाच्या मुलाने परदेशातून तिकिटे पाठविली म्हणून, चांगली शहाणीसुरती माणसे बोटीवर जाऊ लागली आहेत. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या होतात. सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणाऱ्या बोटीवर तर शेजारच्या टेबलावरून "अगं, हे घेऊ नकोस, ह्यात अंडं आहे" असे शुद्ध मराठीत ऐकू येते. हौशी मंडळी थेट भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचतात. मी स्वतः आजवर चार वेळा असा प्रवास केला. तेवढ्या भांडवलावर आमच्या सोसायटीत मला या विषयातला जाणकार समजण्यात येते आणि संध्याकाळी कुणी ना कुणी सल्ला विचारायला येते.

येणारांचे प्रश्न ठरलेले असतात. शाकाहारी जेवण मिळते का? खोलीला खिडकी असते का? आणि बोट लागते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत: मिळते, जास्त पैसे दिल्यास असते, आणि एखाद्याला लागते. पण बोट बंदराला लागल्यावर काय करावयाचे, हे मात्र कुणी विचारीत नाही. वास्तविक बोटीवर तुमची काळजी वाहायला शेकडो माणसे असतात. तिथे तुम्ही काही न ठरविताही चार दिवस उत्तम जातात. शिडी उतरून धक्क्यावर पाय ठेवलात की तुमचे तुम्हीच. म्हणून मी सल्ला देतो तो बोटीविषयी नव्हे, बंदराविषयी.

पहिली गोष्ट ही की, माहितीपत्रकात ज्या शहराचे नाव छापलेले असते, त्या शहरात बोट जातेच असे नाही. 'रोम' असे लिहिलेले असते. बोट लागते चिव्हिटाव्हेकिया नावाच्या बंदराला, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, आगगाडीने तासाभराची वाट. 'फ्लॉरेन्स' म्हणून ज्या बंदरात उतरवितात ते लिव्होर्नो. फ्लॉरेन्स तिथून नव्वदेक किलोमीटर. 'बँकॉक'साठी लाएम चाबांग, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. 'क्वालालंपूर'साठी पोर्ट क्लांग, चाळीसेक किलोमीटर. त्या मानाने अथेन्सचे पिरेअस बरे, दहाएक किलोमीटरवर. आणि पेनांगमध्ये तर बोट थेट जॉर्ज टाउनच्या कडेला लागते. धक्क्यावरून चालत निघाले की थोड्याच वेळात जुन्या शहराच्या गल्ल्यांत पोहोचता येते. आपल्याकडेही हाच प्रकार. 'गोवा' म्हणजे मुरगाव, वास्कोच्या पलीकडचे टोक. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. कोचीला मात्र विलिंग्डन बेटावर उतरले की फोर्ट कोची आणि मट्टनचेरी हाकेच्या अंतरावर आहेत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी शहराचे नाव वाचू नका, धक्क्याचे नाव वाचा आणि नकाशा काढून अंतर मोजा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, बोट सकाळी ८ वाजता लागणार आणि संध्याकाळी ६ वाजता सुटणार. वाचणारा खूश होतो: दहा तास! आता वजाबाकी करा. बोट ८ ला लागली म्हणजे ८ ला दार उघडत नाही. बंदराचे अधिकारी वर येतात, कागद तपासतात, मग शिडी लागते, मग हजार-दोन हजार माणसांची रांग. मालवाहू बंदर असेल तर धक्क्यावरून पायी हिंडू देत नाहीत. फाटकापर्यंत बसने जावे लागते. यात दीड तास गेला. बोट ६ ला सुटते म्हणजे ६ ला चढायचे नसते. सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास, कधी एक तास आधी सर्वांनी वर यावे असा नियम असतो. तो एक तास गेला. जाण्यायेण्याला तीन तास धरा. रस्त्यावर काय होईल ते सांगता येत नाही म्हणून दीड तास राखून ठेवा. एक तास जेवणाचा. दहा तासांचे किती राहिले? दोन! दोन तासांत मनुष्य एक गोष्ट नीट पाहू शकतो. चार गोष्टी पाहावयास गेला तर चारींची फाटके पाहून येतो.

आमचे एक स्नेही फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले होते. बरोबरीची मंडळी बाजारात पांगली. हे गृहस्थ मात्र पाण्याच्या कडेला जाऊन बसले. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात, आणि शाळेत असल्यापासून ते पाणी एकदा पाहावे असे त्यांच्या मनात होते. तास-दीड तास बसले, एक कॉफी घेतली, परत आले. बाजारात गेलेल्यांनी काय आणले ते आज त्यांच्या घरात सापडणार नाही. ह्यांचे मार्सेय त्यांच्यापाशी आहे.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि ही फार महत्त्वाची. बोटीला स्वतःचे घड्याळ असते. बंदराच्या गावात वेगळी वेळ चालू असली तरी बोट पुष्कळदा आपलीच वेळ पाळते. सिंगापूरहून निघालेली बोट फुकेतला जाते; थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. खाली उतरलात की खिशातला मोबाइल शहाणपणा करून आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो. तुम्ही निवांत नारळपाणी पीत असता, मोबाइल म्हणतो चार वाजले, आणि बोटीवर पाच वाजलेले असतात! म्हणून मनगटावर एक साधे काट्याचे घड्याळ बांधावे, बोटीवरच्या घड्याळाशी लावावे आणि परत येईपर्यंत त्याला हात लावू नये. फुकेतचीच आणखी एक गोष्ट. तिथे बोट पुष्कळदा धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. कोकणातल्या जुन्या माणसाला हे समजवावे लागत नाही. मालवण-वेंगुर्ल्याला आगबोटीवरून पडावात उतरणे म्हणजे हेच. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ही चौकशी आधीच करावी. लाटेवर हलणाऱ्या होडीत पाय टाकणे सर्वांना जमत नाही.

उशीर झाला तर बोट थांबते काय? बोटीनेच काढलेल्या सहलीला उशीर झाला तर बहुधा थांबते. तुम्ही तुमच्या टॅक्सीने गेला असाल तर थांबत नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. भरतीची वेळ, पुढच्या बंदराची वेळ, सर्व ठरलेले असते. एकदा मी वरच्या कठड्याशी उभा असताना एक जोडपे धक्क्यावरून पिशव्या सावरीत धावत येताना पाहिले. शिडी काढण्याच्या बेतात होते. ते चढले खरे. पण त्या बाईंचा चेहरा दोन दिवस ताळ्यावर आला नव्हता. तेव्हा जवळच्या ठिकाणी स्वतः जावे, लांबच्या ठिकाणी बोटीच्या सहलीबरोबर जावे, हा ठोकळ नियम. आणि बोटीवर रोज जो कागद खोलीत येतो, त्यावर त्या बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. तो खिशात असू द्यावा.

आता गोव्याची हकीकत सांगतो, कारण वरचा दीड तासाचा नियम मी तिथे नव्याने शिकलो.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही सातजण मुंबईहून गोव्याला बोटीने गेलो. निमित्त माझ्या आत्याचे. आत्या ऐंशी वर्षांची. तिच्या पिढीतली आमच्या घरात ती एकटीच उरलेली. आमचे कुलदैवत मंगेश. १९६३ साली, लग्नाच्या आदल्या वर्षी, ती माझ्या आजोबांबरोबर मुंबईहून बोटीने पणजीला आणि तिथून मंगेशीला गेली होती. त्यानंतर संसार, आजारपणे, एक ना दोन. जाणे झाले नाही. आम्ही मोटारीने नेतो म्हणालो की ती म्हणायची, "मोटारीने नको रे. दादांबरोबर गेले तशी बोटीनेच जाईन." ती बोट केव्हाच बंद झाली होती. त्यामुळे ही नवी बोट निघाल्याचे कळताच तिने स्वतः पेपरातले कात्रण कापून माझ्या हातात दिले.

घरातल्या बैठकीत एका दिवसात गोवा कसा बसवायचा यावर खल झाला. सुनेला जुन्या गोव्यातली चर्चेस पाहावयाची होती, मुलाला पणजीत मासे खावयाचे होते, नातवाला समुद्रकिनारा हवा होता, आणि आमच्या सौ.ना काजू. आत्या काही बोलली नाही. तेव्हा मी वरची वजाबाकी कागदावर मांडून दाखविली आणि म्हटले, दोन तास आहेत. ते कुणाला द्यायचे ते ठरवा. मग वाद राहिला नाही. दिवस आत्याचा. ज्यांना नको असेल त्यांनी वास्कोजवळच्या बोगमाळ्याच्या किनाऱ्यावर जावे, धक्का तिथून जवळ. मुलगा आणि सून नातीला घेऊन तिकडे गेली. नातू मात्र ऐन वेळी आमच्या टॅक्सीत येऊन बसला. का, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मुरगावाहून निघालेला रस्ता कुठ्ठाळीवरून जातो. तिथे मी टॅक्सी हळू करावयास सांगितली. मंगेशाचे मूळ ठिकाण हेच. जुने नाव कुशस्थळी. पोर्तुगीजांच्या अमलात देवळांवर गदा आली, तेव्हा १५६० साली भक्तांनी देव झुवारी नदीपलीकडे, त्यांच्या अमलाबाहेरच्या प्रियोळ गावी हलविला. आज आपण २०२२ आणि २०२३ मध्ये दोन टप्प्यांत खुल्या झालेल्या नव्या पुलावरून काही मिनिटांत ती नदी ओलांडतो. देवाने ती होडीतून ओलांडली. "म्हणजे देवसुद्धा बोटीनेच गेला," आत्या म्हणाली, आणि बोटीचा हट्ट धरल्याचे तिला मोठेच समाधान वाटले. पुढे जुने गोवे वाटेवरच लागते. सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव ज्या चर्चमध्ये आहे ते बाँ जेझू आम्ही काचेतूनच पाहिले आणि बाणस्तारीवरून मंगेशीला पोहोचलो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, दीड तास.

पुणेकराला मंगेशी परकी वाटू नये अशा दोन गोष्टी आहेत. हा गाव १७३९ साली पेशव्यांनी देवस्थानाला दिला. आणि मास्टर दीनानाथ इथलेच, जे पुढे १९४२ साली पुण्यात वारले. हे सर्व मी नातवाला सांगत होतो. आत्याचे लक्ष नव्हते. दर्शन झाले, अभिषेक झाला, आणि ती तळ्याच्या बाजूला जाऊन एका पायरीवर बसली. सात मजल्यांची पांढरी दीपमाळ तिथून दिसते. "इथेच बसलो होतो आम्ही," ती म्हणाली. "दादांनी पंचाला भिजवून माझे पाय पुसले होते. फार ऊन होतं." त्यानंतर ती गप्प बसून राहिली. दहा मिनिटे गेली, वीस झाली. टॅक्सीवाला दोनदा येऊन पाहून गेला. मी मनगटाकडे पाहिले. जेवायचा तास होता, राखलेला दीड तास तसाच्या तसा होता. जेवण वाटेत उरकता आले असते. मी काहीच बोललो नाही. नातू तिच्याशेजारी जाऊन बसला आणि "दादा म्हणजे बाबांचे पणजोबा का?" असे विचारू लागला. मग तिने त्याला सगळी गोष्ट सांगितली: बोटीत बाजेवर कसे झोपले, पणजीला पहाटे कसे उतरले, आजोबांनी छत्री कशी हरवली. ही गोष्ट आम्हा कुणालाही ठाऊक नव्हती. पाऊण तासाने तिने आपणहून काठी उचलली आणि म्हणाली, "चला, बोट चुकेल."

राखलेला दीड तास रस्त्यातल्या खोळंब्यासाठी असतो, असे मी लोकांना सांगत आलो होतो. ते खरेच आहे. पण त्याचा त्याहून मोठा उपयोग हा की, ज्या माणसासाठी आपण आलो, त्याला "चल, ऊठ" असे म्हणावे लागत नाही. वृद्ध माणसाला घाई केली तर ते उठते, तक्रारही करीत नाही; पण बोलावयाचे राहून जाते. बंदरातला दिवस म्हणूनच घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या मापाने बेतावा. बाकीचे कसेही भागवून घेतात. आम्ही साडेचारच्या आत धक्क्यावर होतो. सौ.ना काजू वास्कोत मिळाले.

हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे. माझी एक मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिची बोट एकदा दिवसभरासाठी मुंबईला लागणार होती. तिने कळविले, "सकाळी उतरते, पुण्याला येते, घर बघते, संध्याकाळी परत." मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, मध्ये घाट! मी तिला लिहिले की तू जागची हलू नकोस, आम्हीच येतो. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघालो, साडेदहाच्या आत सीएसएमटीला उतरलो आणि फोर्टातल्या एका इराण्याकडे बसून चार तास बोललो. बाकरवडी आणि मेतकूट तिच्या हवाली केले, तिला टॅक्सीत घालून बॅलार्ड पिअरच्या फाटकाशी सोडले. बंदराच्या गावी आपले कुणी असेल तर त्यांच्या घरी जाण्याचा घोळ घालू नये. त्यांनाच फाटकाजवळ बोलवावे. यजमानांना स्वयंपाक करावा लागत नाही आणि पाहुण्याला बोटीची धास्ती राहत नाही.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी थोडक्यात सांगतो. बोटीचे कार्ड आणि ओळखपत्र गळ्यातल्या पिशवीत असावे; त्याशिवाय फाटकातून आत घेत नाहीत. परदेशी बंदरात पासपोर्ट बोटीवरच ठेवून घेतला असेल तर त्याची छायाप्रत जवळ बाळगावी. व्हिसाचे नियम बदलत असतात, आणि ज्या देशात उतरायचे त्या प्रत्येकाचे वेगळे असतात. एका बंदरातून निघून पुन्हा त्याच बंदरात यायचे असेल तर दोनदा प्रवेश देणारा व्हिसा लागतो काय, हे विचारावे. लक्षद्वीपला आपल्याच देशात असूनही प्रवेश-परवाना लागतो. रोजची औषधे खोलीत न ठेवता बरोबर घ्यावीत. बोटीवरची फळे, दही, सँडविच पिशवीत घालून खाली नेऊ नयेत. पुष्कळ देशांत त्याला दंड आहे. लाडू-चिवड्याविषयीही आधी विचारून घ्यावे, मग तो कितीही घरचा असो. उलट खालून दारूची बाटली आणली तर बोटीवर ती बहुधा काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. ज्यांना ह्याचे दुःख होईल त्यांनी आधीच मनाची तयारी करावी. भर समुद्रात मोबाइल 'फ्लाइट मोड'वर ठेवावा, नाहीतर बोटीच्या जाळ्यातून आलेले एक बोलणे डोळ्यांत पाणी आणते.

आणि वार पाहावा. कोचीला मट्टनचेरीचे ज्यू देऊळ १५६८ सालचे, फरशा आणि हंड्या पाहण्यासारख्या. पण शनिवारी ते बंद. जवळचाच मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. आम्ही नेमके शनिवारी उतरलो होतो. वार आधी पाहून ठेवल्यामुळे सरळ फोर्ट कोचीला गेलो. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली जिथे पुरले ती जागा पाहिली. १५३९ मध्ये त्याची हाडे पोर्तुगालला नेली, पण जागा दाखवितात. बाहेर येऊन चिनी जाळ्यांखाली तासभर बसलो. दुसरे काही पाहिले नाही आणि काही राहिले असे वाटलेही नाही.

दिवाळी झाली की या बोटींच्या जाहिराती झळकू लागतील. त्यांत पोहण्याचा तलाव असेल, झुंबरे असतील, पाच प्रकारची आइस्क्रीमे असतील. ती सर्व पाने उलटून ज्या पानावर बंदरांची नावे आणि वेळा बारीक अक्षरांत दिलेल्या असतात ते पान काढा. घरातल्या सर्वांना बसवा, सर्वांत थकलेल्या माणसाला मध्यभागी बसवा. पेन्सिल घ्या आणि वजाबाकी करा. जे दोन तास उरतील ते कुणाचे, हे त्या माणसाला आधी विचारा. ते बहुधा म्हणतील, "माझं काय, तुम्ही ठरवा." तेवढ्यावर थांबू नका, पुन्हा विचारा.